सावकाश ओढणारा विंच

गाडी ओढ्याच्या उतारावर बसली ती अशी, की जणू म्हैसच डबक्यात बसली. मागची चाकं अर्धीअधिक चिखलात गेलेली, आणि हौद्यात मधमाश्यांच्या पेट्या – जाळीची झाकणं लावलेल्या, आतून एकसारख्या गुणगुणणाऱ्या. ऊन चढायच्या आत त्या पलीकडच्या सूर्यफुलांत पोचायला हव्या होत्या. बंद पेटीत माश्या उकडून मरतात, आणि ऊन काही कुणासाठी थांबत नाही.

गांधील खाली उतरली. हे तिचं खरं नाव नव्हे. पण मधमाश्या पाळणाऱ्या आणि नाकाच्या शेंड्यावर राग असलेल्या मुलीला घरादारानं गांधील नाही म्हणायचं, तर काय म्हणायचं? चाकाखाली दगड घालून झाले, फांद्या घालून झाल्या. गाडी आपली दर वेळी आणखी थोडी खाली.

तेवढ्यात टेकडीवरून एक उंच, नारिंगी गाडी उतरत आली आणि समोर थांबली. काच चार बोटं खाली झाली.

"अडकलात?"

"छे! गाडीला आंघोळ घालतेय."

"मग साबण देऊ, की ओढून काढू?"

तिला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. "ओढा. पण हळू. पेट्यांत मधमाश्या आहेत."

काच झर्रकन वर गेली. मग पुन्हा दोन बोटं खाली आली. "म्हणजे... जिवंत?"

टेकडीवरच्या मोबाइल टॉवरची देखभाल करणारा तो माणूस शेवटी उतरला – डोक्याला हेल्मेट, पँटचे पाय मोज्यांत खोचलेले. त्याच्या गाडीला पुढच्या बाजूनं विंच बसवला होता: रिळावर गुंडाळलेला जाड दोर, टोकाला आकडा आणि रीळ फिरवायला मोटार. आकडा अडकवताना त्याचा एक डोळा पेट्यांवरच होता, तरी काम मात्र चोख. ताणलेल्या दोरावर त्यानं एक जुनं पोतं टाकलं. "तुटलाच तर उसळू नये म्हणून. तुम्ही आत बसा, स्टिअरिंग सरळ धरा."

मोटार घरघरली. "हळू!" गांधील खिडकीतून ओरडली. "धक्का बसला तर आतली पोळी तुटतील!"

"यापेक्षा हळू त्याला येतच नाही!"

आणि खरंच, लोण्यातून केस काढावा तशी गाडी चिखलातून वर आली. पेट्यांतला सूरसुद्धा बदलला नाही. तिनं तेव्हा कुठे त्याच्याकडे नीट पाहिलं. हेल्मेटखाली घामाघूम चेहरा, आणि भ्यालेले, हसरे डोळे... तिनं मुकाट्यानं मधाची बाटली पुढे केली.

त्यानं ती उजेडात धरून निरखली. "यात कुणी राहिलेलं नाही ना?"

त्या हंगामात ओढा काही वाळला नाही, आणि गांधीलची गाडी वरचेवर रुतत राहिली. फोन केला की नारिंगी गाडी हजर! तिला लहानाची मोठी करणारी आत्या मध भरायचं काम बघायची. आत्याला हे दिसत होतं.

"ओढा तोच, गाडी तीच, चालवणारी तीच," बाटल्यांना झाकणं लावता लावता आत्या म्हणाली. "गेल्या साली बरी रुतत नव्हती!"

"गेल्या साली चिखल कमी होता, आत्या."

"असेल बाई. यंदा चिखलाला बहर आलाय खरा."

मग एक दिवस दोर गुंडाळता गुंडाळता टॉवरवाला म्हणाला, "तुम्ही स्वतःचा विंच बसवून घ्या. दर वेळी मी जवळपास असेनच असं नाही."

गांधीलच्या काळजात खुट्ट झालं. पण वरवर म्हणाली, "घेऊ की. निवडायला याल?"

घरी आत्यानं डोळे विस्फारले. "गाडीला विंचू बसवायचाय? माश्या काय कमी पडल्या?"

"विंचू नाही गं, विंच! गाडी ओढून काढणारा."

"मग तो आहे की," आत्या म्हणाली. "नारिंगी गाडीतला."

सुट्या भागांच्या दुकानात ऑइलचा आणि नव्या रबराचा वास भरून राहिला होता. दुकानदारकाकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि तीन विंच काउंटरवर मांडले.

"भरलेल्या गाडीचं जे वजन, त्याच्या दीडपट ओढणारा हवा," टॉवरवाला म्हणाला. "चिखल नुसता धरून ठेवत नाही, उलटा खेचतो. हा बघा, पोलादी तारेचा. दगडावर घासला तरी दाद देत नाही."

"तारेची कुसळं हातात जातील."

"हातमोजे घालायचे."

"आणि गंजली तर?"

काकांनी दुसरा पुढे सरकवला. "हा दोराचा. हलका. तुटला तरी तारेसारखा फटका मारत नाही. फक्त उन्हानं आणि दगडानं झिजतो."

"बघा, झिजतो!" गांधील जिंकल्यासारखी म्हणाली.

तिसरा हातानं फिरवायचा होता. ना बॅटरी, ना मोटार. तिनं दांडा दोनदा ओढून पाहिला. "याच्या भरवशावर राहिले तर माश्या म्हाताऱ्या होतील."

काकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "ताई, तुम्हाला विंच घ्यायचाय, की त्याला नापास करायचंय?"

टॉवरवाला हसला. त्यानं दोराच्या विंचाला बॅटरी जोडली आणि बटणांची डबी तिच्या हातात दिली. "दाबून तर बघा. या तिघांत मला हा आवडतो. मोटारीचा असून सावकाश ओढतो. तुमच्या पोळ्यांना मानवेल."

तिचं बोट भलत्याच बटणावर गेलं. त्यानं आपल्या बोटानं ते हलकेच सरकवलं... रीळ फिरू लागलं. दोर मुंगीच्या पावलांनी आत येत होता. तो पुरता आत आला, रीळ थांबलं, तरी दोघांची बोटं तिथंच – काका खोकले तेव्हा कुठे बाजूला झाली.

"विचार करून सांगते," गांधील म्हणाली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

जी पोरगी गजबजलेल्या पोळ्यातून राणीमाशी एका नजरेत हेरायची, तिला विंच काही निवडता येईना. ती पुन्हा दुकानात गेली, त्याला घेऊनच. कधी मोटारीचा आवाज फार, कधी आकडा बोजड, एकदा तर रंगच आवडला नाही! आणि दर वेळी नंतर समोरच्या टपरीवर चहा.

"वरून सगळं दिसतं," तो सांगायचा. "तुमचं सूर्यफुलांचं शेत हातरुमालाएवढं. त्यात पेट्या. आणि पांढऱ्या टोपीत तुम्ही."

"म्हणजे काम सोडून माझ्याकडे बघता?"

"पेट्या बघतो," तो चहात बघत म्हणाला. "तुम्ही मध्ये येता."

पण पुढच्या वेळी दुकानाच्या पायरीवरच त्याचा चेहरा उतरलेला होता. "आज ठरवून टाका. कुठलाही घ्या, पण या आठवड्यात बसवून घ्या."

"कंटाळलात मला ओढून?"

"तसं नाही..."

"मग कसं?"

तो बुटांकडे बघत राहिला. गांधील वाट बघत होती. मग तिनं आपलं नाव सार्थ केलं.

"राहू दे तुमचा विंच! बैल जुंपीन, पण तुम्हाला फोन करणार नाही!"

आणि ती तरातरा निघून गेली.

तिनं फोन केला नाही. त्याचाही आला नाही. पेट्यांकडे जायला तिनं लांबचा, कोरडा रस्ता धरला. गाडी कुठेही रुतत नव्हती, आणि त्याचाच तिला राग येत होता. आत्यानं दोनदा विचारलं, "बरं नाही का गं?" आणि दोन्ही वेळा तिनं बाटलीचं झाकण वाकडं लावलं.

शेवटी रागारागातच ती एकटी दुकानात गेली. काकांनी तिला पाहताच हुश्श केलं. "बरं झालं आलात! ते साहेब येऊन गेले. म्हणाले, ताई निवडतील तो नीट बसवून द्या. दोर कसा गुंडाळायचा, वर पोतं कसं टाकायचं, सगळं शिकवा. मी नसणार म्हणाले. बदली झालीय ना त्यांची, उद्याच निघायचंय."

गांधील दाराकडे वळली.

"तुम्हाला... माहीत नव्हतं?" काकांनी विचारलं. पण तोवर ती गाडीत बसली होती.

टेकडीवर नारिंगी गाडी उभी होती. तो वर होता, अगदी टोकाशी. पिवळा पट्टा बांधलेला एक ठिपका. तिनं हाका मारल्या, त्या वाऱ्यानं नेल्या. मग तिनं फोन लावला. टॉवरच्या पायथ्याशी रेंजला काय तोटा!

"हॅलो?" वारा घोंघावत होता.

"खाली बघ."

'तू' कधी निसटलं, तिचं तिलाच कळलं नाही. वर ठिपका हलला.

"...दिसलीस," तो म्हणाला. तोही 'तू'वर आला होता.

"बदलीचं का नाही सांगितलंस?"

"रोज सांगणार होतो. वाटायचं, सांगितलं की तू म्हणशील, बरं, मग घेऊन टाकते विंच. पाच मिनिटांत घेशील. आणि मला कळेल, की माझं काम तेवढंच होतं... ओढण्यापुरतं."

"मग घाई कसली करत होतास?"

"तू त्या ओढ्यात एकटी अडकलीस तर? तिकडे मला झोप लागली नसती."

तिनं गाडीला पाठ टेकली. पत्रा उन्हानं तापला होता. "ऐक. मला पहिल्याच दिवशी दोराचा विंच पसंत पडला होता."

"मग?"

"मग काय मग! तो घेतला असता तर तुला कोणत्या तोंडानं बोलावलं असतं?"

वाऱ्यातून त्याचा आवाज आला, जपून. "आणि गाडी? दर वेळी खरंच रुतायची?"

"पहिल्या दोनदा तर खरंच."

तो एवढ्या मोठ्यानं हसला, की ते हसू तिला फोनमध्येही ऐकू आलं आणि आभाळातूनही.

तो उतरू लागला. एकेक पायरी, पट्ट्याची कडी सोड, खाली अडकव. ती मान वर करून बघत राहिली. पाय घसरू नये म्हणून आपणच श्वास धरून. तो समोर आला. त्याच्या तळव्यांना लोखंडाचा वास येत होता, हे तिला कळलं, कारण तिचा हात त्याच्या हातात होता.

"आमचं विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर," तो हळूच म्हणाला. "दोन-तीन वर्षांनी हलायचंच. तू इथली, पेट्या इथल्या..."

"पेट्या कुठल्या इथल्या? फुलोरा असेल तिथे आम्ही." ती थांबली. मग त्याच्या शर्टाच्या बटणाकडे बघत तिनं विचारलं, "तिकडे काय फुलतं?"

"मी... पाहिलंच नाही. टॉवर आहे, एवढं माहीत आहे."

"मग जाऊन बघ. आणि कळव."

ही मागणी होती, हे त्याच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. आलं, तेव्हा त्यानं तिचा हात आणखी घट्ट धरला.

तो गेला. रोज टॉवरवरून फोटो येऊ लागले: 'हे पांढरं काय?' ती उत्तर पाठवायची, 'धने.' 'आणि हे निळसर, बारीक? डोंगरभर आहे.' त्यावर तिनं लगेच उत्तर पाठवलं नाही. आधी आत्याला दाखवलं. आत्यानं फोन लांब धरून पाहिलं. "जवस," ती म्हणाली. "माश्या खूश होतील." आणि एक बाटली पुसून झाल्यावर, "माश्यासुद्धा."

गांधीलनं दोराचा विंच बसवून घेतला, काकांकडून सगळं शिकली, आणि जवसाची फुलं गळायच्या आत पेट्या भरून निघाली. शेजारच्या सीटवर आत्या. वाटेत गाडी एकदा रुतली – या खेपेला अगदी खरी – आणि तिनं झाडाला पट्टा बांधून, दोरावर पोतं टाकून ती आपली आपण काढली.

तो वळणावर उभा होता, इस्त्रीच्या शर्टात. त्याच्या मागे सगळा उतार निळाभोर. तिला वाटलं होतं, तो आपल्या खिडकीशी येईल. तो गेला आत्याच्या.

"आत्या, मला तुम्हाला विचारायचं होतं... म्हणजे, लग्नाचं."

"तिला विचारलंत?"

"नाही... म्हणजे, तिनंच मला विचारलं. टॉवरखाली."

आत्यानं सावकाश मान वळवली. गांधीलचं सगळं लक्ष जवसाच्या फुलांत गेलं होतं.

"मग आता मला विचारून काय उपयोग!" आत्या म्हणाली आणि सीटवर सरकून तिनं जागा केली. "बस असा. आणि पेट्या कुठे उतरवायच्या ते दाखव."

तिघं पुढच्या सीटवर दाटीवाटीनं बसली, आणि गाडी फुलांतल्या वाटेला लागली.