पाचवं कलम

"मरायचंय का तुम्हाला?"

रौदाच्या ओठांपर्यंत गेलेली बाटली शेजारच्या माणसानं इतक्या झटक्यात हिसकावली, की अर्धं पाणी तिच्याच मांडीवर सांडलं. कैरवानच्या गाडीतळावर पाऊस कोसळत होता. आठ माणसं भरल्याशिवाय ट्युनिसची गाडी सुटत नाही, आणि हा आठवा आत्ताच भिजून चिंब होऊन आत शिरला होता. रौदाला पावातल्या हरीशाचा, लाल मिरचीच्या तिखट चटणीचा, ठसका लागला होता. डोळ्यांत पाणी, घशात आग... हाताला लागली ती बाटली तिनं उचलली होती.

"एक घोट पाणी मागितलं तर माणूस जीव देतो," ती खोकत म्हणाली. "तुम्ही बाटली ओढून घेता!"

"जीवच वाचवतोय. नीट बघा तरी."

तिनं पाहिलं. पाणी पिवळसर होतं, आणि तळाशी बोटभर राखाडी गाळ.

"हे काय आहे?"

"आमच्या ऐन रमादच्या नळाचं पाणी. खाणीतलं फॉस्फेट धुऊन उरतं, ते आम्हाला मिळतं." तो ओठ मिटून हसला. "पक्षाच्या अधिवेशनात टेबलावर ठेवणार आहे. तुम्ही पिऊन टाकलं असतं, तर माझा पुरावाच गेला असता."

"कुठला पक्ष?"

"मीझान."

रौदाला हसू आवरेना. ती मीझान पक्षाच्या मसुदा समितीची चिटणीस होती. कैरवानच्या शाळेत अरबी शिकवायची, आणि पक्षाचा प्रत्येक कागद तिच्या अक्षरातून बाहेर पडायचा. पुढच्या तीन दिवसांत त्रेचाळीस प्रतिनिधी बसून ठरवणार होते, की पक्ष कशासाठी उभा आहे आणि निवडून आला तर आधी काय करणार. पाच कलमं, त्यापेक्षा एकही जास्त नाही.

"मग तुमचा पुरावा आधी माझ्याकडेच येणार," ती म्हणाली. "सांभाळून ठेवा. आणि नाव सांगा, इतिवृत्तात लागेल."

"वजदी. वायरमन आहे." त्यानं बाटली पिशवीत खोचली. "इतिवृत्तासाठीच विचारलंत ना?"

रौदा खिडकीकडे वळली. काचेवरून पावसाचे ओघळ उतरत होते, आणि तिचे कान उगाचच गरम झाले होते.

ट्युनिसमध्ये अधिवेशनाला स्वस्तात मिळालं ते लग्नाचं सभागृह. खुर्च्यांना पांढऱ्या फिती, व्यासपीठावर नवरानवरीची लाल मखमली आसनं. टेबलं कमी पडली, तेव्हा रौदा सरळ नवरीच्या आसनावर मांडी घालून लिहायला बसली.

"शेजारची जागा रिकामी आहे का?" वजदीनं खालून विचारलं.

"ती नवरदेवाची आहे."

"असं होय... मग उभाच राहतो. सध्या."

"ते 'सध्या' खोडा," ती मान वर न करता म्हणाली. "जादा शब्द आहे."

पण पेन तिथंच अडखळलं, ते त्याला दिसलं.

त्याच्या कलमाचा मसुदा तिनं चारदा दुरुस्त केला. 'पाण्याची सोय' असं त्यानं लिहिलं होतं, तिनं 'पाण्याचा हक्क' केलं. "सोय मेहेरबानीनं होते," ती म्हणाली, "हक्क मागावा लागत नाही." तो तिच्याकडे बघतच राहिला. मग पहिल्यांदा तोंड उघडून हसला, आणि लगेच हात तोंडावर नेला. त्याचे दात तपकिरी होते, डागाळलेले.

"त्या पाण्यानं गावात सगळ्यांचे असेच आहेत," तो पुटपुटला. "पोरं फोटोत हसत नाहीत आमची."

"हात काढा," रौदा हळूच म्हणाली. "मला दिसू दे."

त्यानं हात काढला. बाहेर पाऊस पन्हाळींतून धो धो वाहत होता, आणि आत कुणीतरी 'राष्ट्रीय मूल्ये' या विषयावर माइकमधून गरजत होतं.

पाचवं कलम रौदाचं होतं. वारशात मुलीला मुलाइतका वाटा. तिचे वडील गेले तेव्हा तिघा भावांनी घर आणि जैतुनाची बाग वाटून घेतली. कायद्यानं तिला भावाच्या निम्मा वाटा होता, तोही तिनं 'घरच्या शांततेसाठी' सोडला, म्हणजे तिच्याकडून सोडवून घेतला. आता ती आणि आई भाड्याच्या खोलीत राहत होत्या. हे सगळं तिनं वजदीला छोल्यांच्या गरम रश्श्यात शिळा पाव बुडवत सांगितलं, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तसं.

"भाऊ बोलतात?"

"ईदला. मिठाई पाठवतात." ती हसली. "माझ्याच बागेच्या तेलात तळलेली."

दुसऱ्या दिवशी दुपारी सी हमादींनी वजदीला बाजूला बोलावलं. सी हमादी पक्षाचे अध्यक्ष, मुरलेले वकील. गोड बोलण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. वजदी परतला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो थेट रौदापाशी आला.

"तुला माझ्याच तोंडून कळलेलं बरं," तो म्हणाला. तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. "आमच्या दक्षिणेच्या नऊ मतांवर सौदा आहे. वारशाचं कलम वगळायला आम्ही हात वर केले, तर पाण्याचं कलम पहिलं. नाही केले, तर ते यादीतच नाही."

"आणि तू काय म्हणालास?"

"अजून काहीच नाही... तू सांग. तू म्हणशील तसं करतो."

रौदानं पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. तिला म्हणायचं होतं, माझ्या बाजूनं राहा. पण त्या पाण्यावर वाढलेली पोरं तिच्या डोळ्यांपुढून हलेनात.

"माझ्या खांद्यावर बंदूक ठेवू नकोस, वजदी," ती म्हणाली. "हात तुझा आहे."

मतदान चार वाजता झालं. हात मोजायचं काम चिटणिसाचं, म्हणजे रौदाचं. ती रांगेरांगेतून मोजत गेली. पंधरा, सोळा, सतरा... अठरावा हात वजदीचा होता. त्याची मान खाली होती, पण हात वर होता. "अठरा," ती म्हणाली आणि पुढे सरकली. चोवीस विरुद्ध एकोणीस. वारशाचं कलम वगळण्यात आलं, हे तिनं तिच्याच सुंदर अक्षरात लिहिलं आणि उभं राहून वाचून दाखवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी छापील जाहीरनामा वाटला गेला. पाण्याचं कलम खरोखरच पहिलं होतं. त्यात लिहिलं होतं – 'दक्षिणेतील पाणीपुरवठ्याच्या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमण्याचा विचार केला जाईल.'

वजदी उठून उभा राहिला. "हे आमचं कलम नाही! हक्क कुठं गेला?"

"बस, मुला," सी हमादी मायेनं म्हणाले. "फॉस्फेट कंपनीतल्या कामगारांचीही मतं लागतात आपल्याला. एकेका शब्दावर अडून राज्य मिळत नाही."

"तो शब्द मी लिहिला होता," रौदा म्हणाली. "माझ्या सहीच्या कागदात माझ्यामागं बदल झाला. तुमचं चिटणीसपण तुम्हालाच लखलाभ, सी हमादी." तिनं इतिवृत्ताची वही त्यांच्यापुढं ठेवली आणि ती बाहेर पडली.

वजदी तिच्यामागं पावसात धावत आला.

"रौदा! मी तुझं विकलं, आणि माझंही मिळालं नाही."

"मिळालं असतं, तर बरं वाटलं असतं का?"

पावसाचं पाणी त्याच्या पापण्यांवरून गळत होतं.

"माझं तुझ्यावर–"

"नको," ती म्हणाली. "आज नको. आज तू काहीही म्हणालास तरी मला तो वर गेलेला हातच दिसेल."

मार्च गेला, एप्रिल गेला. निवडणुकीत मीझानला दोन जागा मिळाल्या, दोन्ही राजधानीतल्या. रौदा शाळेत जाई, वह्या तपासे, आईचे पाय चेपून देई. वजदीचा फोन आला नाही. येऊ नये असं ती स्वतःला बजावायची, आणि दर वेळी घंटी वाजली की हातातलं काम टाकायची.

मे महिन्यात एका अनोळखी नंबरवरून बाईचा आवाज आला.

"तूच ती कैरवानची मास्तरीण ना? मी सालहा, वजदीची बहीण. काय केलंस गं तू माझ्या भावाचं?"

"मी?... काय झालं त्याला?"

"वेड लागलंय! बापानं दोन खोल्या ठेवल्या होत्या मागं. कायद्यानं माझा वाटा त्याच्या निम्मा, आणि तोही इथं कोण मागतं? हा मला नोटरीकडं घेऊन गेला आणि बरोब्बर अर्धं घर माझ्या नावावर केलं. आमचे काका म्हणतात, बाईच्या नादाला लागून घर बुडवलं. कॅफेत त्याला वहिनी म्हणून हाक मारतात मेले!"

"मग तो काय म्हणतो?"

"काय म्हणणार? चहा पितो न् घरी येतो." सालहाचा आवाज खाली आला. "अगं, परवा मी नवऱ्याला पहिल्यांदा सांगितलं, जास्त ओरडू नकोस, मला जायला घर आहे... तो गप्प बसला. माझ्या भावाला ठाऊक नाही हं मी फोन केलाय ते. तो करणार नाही. म्हणतो, तोंड नाही मला."

त्या रविवारी रौदा ऐन रमादला उतरली. पाऊस तिथं कधी पडला असेल असं वाटतच नव्हतं. छपरांवर, खजुराच्या झावळ्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर राखाडी धूळ साचली होती. चौकात पिण्याच्या पाण्याच्या टँकरसाठी बायकांची लांबच लांब रांग लागली होती. त्या रांगेत पुरुष एकच होता, आणि दोन बायका त्याला चिडवत होत्या.

रौदा त्याच्या मागं जाऊन उभी राहिली.

"टँकर किती वाजता येतो?"

वजदी वळला. हातातला डबा घरंगळत रस्त्याच्या कडेला गेला, तरी त्याला भान नव्हतं.

"आठला यायला हवा," तो कसाबसा म्हणाला. "दहा वाजलेत... तू इथं कशी?"

"सालहानं सांगितलं."

"ते मी तुझ्यासाठी नाही केलं," तो घाईनं म्हणाला. "म्हणजे... तू परत यावीस म्हणून नाही. तिचंच होतं ते."

"म्हणूनच आलेय." "वजदी, माझा राग गेलेला नाही. कदाचित कधीच जाणार नाही."

"माहीत आहे."

"भांडण झालं की मी तो अठरावा हात काढणार. म्हातारी झाले तरी काढणार."

"काढ." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तो हसला, तोंडावर हात न ठेवता. "तेवढी वर्षं थांबणार आहेस का पण?"

पुढची म्हातारी कान देऊन ऐकत होती. "अगं बये, राग आहे तर आलीस कशाला एवढ्या लांब?"

रौदानं वजदीकडं पाहत उत्तर दिलं.

"काय करू, आजी... रागासकट प्रेम आहे."

बायका खदखदून हसल्या. कुणीतरी घरंगळलेला डबा आणून रौदाच्याच हातात दिला. ऊन डोक्यावर चढलं. एकेक बाई कंटाळून रिकाम्या भांड्यांनिशी घरी गेली. टँकर त्या दिवशी आलाच नाही. पण दुपार कलेपर्यंत ती दोघं रांगेतून हलली नाहीत.