सात नंबरचा हिरवा

त्या रात्री मी क्रेनकाकांचा जॅक परत करायला गेलो होतो. रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायच्या, हा काकांचा धंदा. हल्ली त्यांच्या यार्डात निम्म्या गाड्या विजेवरच्या असतात. बिघडलेल्या नसतात बिचाऱ्या, नुसत्या उपाशी असतात. काकांचा पुतण्या आणि शेजारचा पंक्चरवाला क्रेनजवळ जुन्या टायरांवर बसले होते. साडेदहा वाजून गेले होते.

पुतण्या म्हणाला, "काका, टक्केचं ते सांगा ना."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "आज नको."

"का नको? मी काय लहान आहे?" मी विचारलं.

"लहान नाहीस, म्हणूनच नको."

मी जॅक आपटला आणि टायरवर बसलो. काका म्हणाले, "उठून जायचं तर जा. पण मधे बोलायचं नाही."

ते का कचरत होते, हे आधी सांगतो. माझा दादा चार्जिंगची मशिनं दुरुस्त करायचा. कंपनीच्या हिशेबात हमरस्त्यावर नऊ ठिकाणं होती, सगळी दादाकडे. मशीन बिघडलं की ऍपच्या नकाशावर त्याचा ठिपका लाल होतो. लाल चार तास टिकला की वरचे साहेब ओरडतात. म्हणून ऑफिसातल्या लोकांनी सोपा उपाय काढला होता. लाल दिसलं की बसल्या जागेवरून एक बटण दाबायचं, ठिपका हिरवा. मशीन बघायचंच नाही. ह्याला ते 'हिरवा मारणं' म्हणायचे. दादा चिडायचा. "अरे, मशीन मेलंय आणि हिरवा कसला मारता?" त्या दिवशी दादाचे दोन्ही हात सात नंबरच्या पोटात होते. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या कुणीतरी हिरवा मारला. बटणाबरोबर वीजही आली.

कंपनीचा कागद म्हणतो, मशीन त्या वेळी बंद होतं. म्हणजे माझा दादा बंद मशीनला चिकटून मेला. त्यांनी फुलांचा गुच्छ पाठवला, त्याची फीतसुद्धा हिरवी. तेव्हापासून तो रंग दिसला की मी नजर फिरवतो.

काका सांगू लागले.

टक्के म्हणजे काकांच्या ओळखीचा टॅक्सीवाला. गाडी शेवटच्या टक्क्यापर्यंत पळवतो म्हणून टक्के. स्वतःच्या लग्नालासुद्धा दोन टक्क्यांवर पोचला होता.

"तेव्हापासून बायकोनंच चार्ज घेतलाय," पंक्चरवाला म्हणाला. आम्ही हसलो. मीही हसलो.

सोमवारची रात्र होती, तारीख सोळा. टक्के बहिणीच्या घरून वडिलांना आणायला गेला होता. सकाळी आठला मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. म्हाताऱ्याच्या छातीत दम उरला नव्हता. नाकात नळी, आणि ती नळी मांडीवरच्या एका खोक्याला जोडलेली. ते खोकं हवेतून प्राणवायू काढतं. गाडीच्या सॉकेटवर चालतं. त्याची स्वतःची बॅटरी वीस मिनिटांची. बहिणीनं डबा दिला, पाण्याची बाटली दिली, "भाऊ, हळू जा रे" म्हणाली. पावणेअकराला निघाले तेव्हा गाडीत चाळीस टक्के होते आणि नकाशावर चार ते सात चारही ठिपके हिरवेगार. टक्केनं गाणीसुद्धा लावली होती.

चार नंबरला पोचला. मशीनचं तोंड काळं. गनला, म्हणजे गाडीत खुपसायच्या केबलच्या टोकाला, प्लास्टिकची पिशवी बांधलेली, आणि ती पिशवी उन्हानं पिवळी पडून तडकलेली. म्हणजे किती महिने झाले असतील, तुम्हीच बघा. फोनवर मात्र हिरवा.

पाच नंबर जिवंत होतं. दिवसा युनिटला अठरा रुपये, तेव्हा दर दाखवत होतं एकतीस. खाली लिहिलेलं, गर्दीचा दर. रात्रीचा एक वाजला होता. रस्त्यावर कुत्रं नव्हतं.

"गर्दी कसली?" काका म्हणाले आणि थुंकले. "टक्के आणि त्याचा बाप. एवढीच गर्दी."

टक्केनं तोही दर कबूल केला. तर ऍप म्हणे, आधी पाचशे भरा. भरले. बँकेतून गेले, ऍपमध्ये आलेच नाहीत. हेल्पलाइन लावली. अकरा मिनिटं बासरी वाजली, मग एक ताई बोलली.

"सर, मशीन हिरवं दिसतंय."

"ताई, मी मशीनपुढे उभा आहे. ते सुरू होत नाहीये."

"हो सर. पण आमच्याकडे हिरवं दिसतंय."

"माझे वडील गाडीत आहेत हो, त्यांचं ऑक्सिजनचं खोकं..."

"पैसे सात दिवसांत परत येतील, सर. आणखी काही मदत करू?"

सहा नंबर तर अजून बांधलाच नव्हता. तोही हिरवा. कंपनी विकायला काढली होती ना. जितके ठिपके तितका भाव. विकत घेणारा थोडाच रात्री रस्त्यावर येऊन मोजणार होता! मेलेलं मोजायचं, न जन्मलेलं मोजायचं, आणि वर मढ्याच्या टाळूवरचं लोणी खायचं. हे काकांचे शब्द नाहीत, माझे आहेत. मी मधे बोललो. काकांनी नुसता हात वर केला.

टक्केनं काकांना फोन लावला. काका हमरस्त्याच्या दुसऱ्या टोकाला एक ट्रक ओढत होते, दोन तास लागले असते. टक्के म्हणाला, "मग सातला जातो, हिरवा आहे." काका ओरडले, "सातला नको, अरे, सातला तर..." फोन तुटला.

इथे काका थांबले. तंबाखू काढली, तशीच परत ठेवली.

एक पन्नास. टक्के सातला पोचला. दोन टक्के उरले होते. त्यानं पंखा बंद केला होता, गाणी बंद, दिवे मंद. फक्त म्हाताऱ्याचं खोकं चालू होतं. घुर्र... घुर्र...

मशीन होतं. उंच, पांढरं. पडदा काळा.

टक्के उतरला. ऍप उघडलं. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. त्यानं मशीनला लाथ घातली.

"लाथ नको मारू. त्याचा दोष नाही."

मशीनच्या मागून एक जण आला. कंपनीचं जाकीट. डोक्यावर टोपी, तोंड अंधारात. वास येत होता. जळक्या वायरीचा.

"किती उरलंय?"

"दोन."

"हे बंद आहे. मी हिरवा मारलेला नाही."

"साहेब, काहीतरी करा. वडील..."

तो गाडीपाशी गेला. खिडकीतून आत पाहिलं. म्हातारा डोळे उघडून त्याच्याकडेच बघत होता. खोकं... घुर्र... थांबलं. पुन्हा सुरू झालं.

"ह्यांना वेळ नाही," तो म्हणाला.

त्यानं गन उचलली. गाडीत खुपसली.

मशीन गप्प. पडदा काळाच. गाडीत मात्र आकडा हलला. तीन. चार. सात.

टक्के रडायला लागला. म्हणाला, "देवासारखे भेटलात साहेब. सोडा आता ती गन, लॉक झालीय. बसा जरा."

तो तसाच उभा. दोन्ही हात गनवर.

"सोडा की."

"सोडता येत नाही."

काका पुन्हा थांबले.  मी टायरची कड दोन्ही हातांनी धरली होती.

अठरा. पंचवीस. एकतीस. टक्के म्हणाला, "बस, एवढ्यात पोचतो." त्या माणसानं मान हलवली. टक्केनंच पुढे होऊन गन गाडीतून ओढली. ओढताना बोटाला बोट लागलं. तव्यासारखं. टक्के आत बसला. आरशात बघितलं... तो उभाच. गन हातात. तशीच समोर धरलेली...

म्हातारा वाचला. आठला डॉक्टरांसमोर बसला होता. दुपारी टक्के यार्डात आला, म्हणाला, "काका, सात नंबरचा तो पोरगा कुठे राहतो? त्याचे पाय धरायचेत."

काकांनी त्याला आधी खाली बसवलं. मग सांगितलं. सात नंबरला मशीन नाही. अपघातानंतर ते उपटलं. काकांनीच उपटलं, ह्याच क्रेननं, टक्के तिथे पोचला त्याच्या दोन आठवडे आधी. तिथे आता सिमेंटचा कट्टा आहे आणि चार बोल्ट. ठिपका काढायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

मी उठलो. "दिसायला कसा होता?"

"मधे बोलायचं नाही म्हटलं होतं."

"गोष्ट संपली ना? कसा होता?"

"टक्केनं तोंड नाही बघितलं."

"आणि म्हाताऱ्यानं? त्यानं बघितलं की!"

काका क्रेनमध्ये चढले आणि एक जुना फोन घेऊन उतरले. टक्केचा होता. त्यानं भिऊन तो काकांकडे टाकला होता, आणि काका तो बंद होऊ देत नव्हते. माझ्या हातात देताना म्हणाले, "वाचता येतंय ना?"

वाचता येत होतं. सात नंबर. चार्जिंग चालू आहे. एक हजार दोनशे एकोणसत्तर तास. खाली लिहिलं होतं, गन जागेवर ठेवलेली नाही, कृपया गन जागेवर ठेवा. त्याच्याही खाली पैसे पळत होते, एकतीसच्या दरानं. बावन्न रात्री माझा दादा ती धरून उभा होता, आणि कंपनीवाले त्याचं मीटर फिरवत होते.

 क्रेनच्या चाकापाशी जाऊन मी त्याला लाथ घातली. परत आलो तेव्हा काका म्हणाले, "टक्केनं थांबवायचं बटण शंभरदा दाबलं. थांबत नाही. मीही दाबलं. म्हणून म्हटलं तुला नको..."

मी दाबलं.

दाबून म्हणालो, "दादा, सोड. पोचला तो म्हातारा. सोड आता."

पडदा कोरा झाला. मग अक्षरं आली... चार्जिंग संपलं. गन जागेवर ठेवल्याबद्दल धन्यवाद.

पुतण्या मागे सरकला. पंक्चरवाला देवाचं नाव घेत होता. मी क्रेनमध्ये चढून बसलो. काकांनी किल्ली फिरवली.

बारा चाळीसला आम्ही सातला पोचलो. काकांनी मोठा दिवा कट्ट्यावर टाकला. चार बोल्ट होते. मशीन नव्हतं. चार बोल्टांच्या बरोबर मध्ये एक गन ठेवलेली होती. फेकलेली नाही, ठेवलेली. वीतभर केबल, टोक कापलेलं.

काकांनी हात लावला नाही. मी उचलली.

गनची मूठ कोमट होती.