नाव न घेता मारलेली हाक

भुताखेतांच्या गोष्टी म्हणजे निव्वळ थापा, असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. आमच्या घरातही तशी माणसं होती.

आता ती संध्याकाळी या विषयावर बोलत नाहीत.

ही घटना आमच्या चिमणीच्या बाबतीत घडली. चिमणी म्हणजे घरातलं शेंडेफळ. आता चांगली संसारी बाई आहे, पण शेंडेफळाला मोठं व्हायची परवानगी कुणी देत नाही. घटना खरी आहे. पदरचा मीठमसाला काही नाही, उलट थोडं गाळूनच सांगतोय.

मध्यरात्र नव्हती. वादळ नव्हतं. हिवाळा सरत आला होता, शनिवारची संध्याकाळ होती, आणि गॅसवर चहाचं आधण होतं.

जागा म्हणाल तर शहर जिथे संपतं तिथली बैठ्या घरांची कॉलनी. एकच गल्ली, दोन्ही बाजूंना सारखी घरं, प्रत्येक दाराला एक पायरी, आणि टोकाला बाग.

चिमणीचा नवरा पुलांच्या कामावर इंजिनिअर. त्याची बदली झाली म्हणून दोघं त्या शहरात गेले. चिमणी कान तपासते. काचेच्या खोलीत माणसाला बसवायचं, बारीक आवाज सोडायचा, आणि ऐकू आला की त्याने बोट वर करायचं. कुणाला खरंच ऐकू येतंय आणि कोण उगाच बोट वर करतंय, हे ती बरोबर ओळखते. लबाडी पकडायची सवय असलेली माणसं स्वतःवरही सहज विश्वास ठेवत नाहीत. चिमणी त्यातली.

मूल नको, हे दोघांनी लग्नाआधीच ठरवलं होतं. आमच्या मावशीला ते आजतागायत पचलेलं नाही. मोठं घर बघताय, पण त्यात धावणार कोण, असं ती प्रत्येक फोनवर विचारायची. चिमणी म्हणायची, आम्ही दोघं आलटून पालटून धावू.

घर शोधताना दोघांनी सगळ्या वसाहती पालथ्या घातल्या. एका ठिकाणी पोरांचा इतका गलका, की चिमणीने गाडीतून पाय खाली ठेवला नाही. दुसरीकडे सोसायटीच्या सेक्रेटरीने नाव विचारायच्या आधी मुलं किती ते विचारलं, आणि एकही नाही म्हटल्यावर ओळखीच्या डॉक्टरचा पत्ता देऊ केला.

आणि मग ही गल्ली.

इथे कुणी काही विचारलंच नाही.

नव्या जोडप्याला मूल का नाही, हे अख्ख्या गल्लीत एकालाही विचारावंसं वाटू नये... खरं तर इथेच पाणी मुरत होतं. पण फुकटचं सुख पदरात पडलं की त्याची पावती कोण मागतो?

एजंट म्हणाला, इथे सगळे उतारवयाचे, शांत लोक. लहान मूल एकही नाही. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि हो म्हणून टाकलं. आधी भाड्याने राहायचं, पटलं तर विकत घ्यायचं.

फिरता फिरता बागेत गेले तेव्हा चिमणीला एक गोष्ट खटकली होती. गल्लीत मूल नाही, पण झोपाळ्यांना ताजा रंग होता.

आणि झोपाळ्यांच्या खाली गवत उगवलेलं नव्हतं.

पाय घासून घासून होते, तशी उघडी माती.

तिने ते नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, इथले आजोबा लोक बसत असतील. दोघं हसले.

पहिल्या संध्याकाळपासूनच तो प्रकार दिसला.

दिवेलागणीला एकेक दार उघडायचं. घरातलं कुणीतरी पायरीवर यायचं आणि बागेकडे बघून एक नाव घ्यायचं. मोठ्याने नाही, हळूच. मग म्हणायचं, चल, घरात ये.

आणि बाजूला व्हायचं. दाराच्या चौकटीला पाठ लावून... कुणाला वाट द्यावी तसं.

समोर एक निवृत्त बँकवाले काका आणि काकू राहायचे. काकांची नजर पायरीपासून घरात जाताना चिमणीने नीट पाहिली होती. ती जमिनीवर नव्हती. माणसाच्या उंचीवरही नव्हती.

कमरेच्या उंचीवर होती.

मग दार लागायचं. पुढच्या घराचं उघडायचं. दुसरं नाव. चल, घरात ये.

चिमणीला वाटलं, मांजरं असतील. पण गल्लीत मांजर तिने एकदाही पाहिलं नाही.

सगळी दारं लागल्यावरही टोकाचा एक झोपाळा कुरकुरत राहायचा. बराच वेळ. एकटाच. वारा असेल, असं ती म्हणायची. पानं हलत नसली तरी.

आता जावईबापूंबद्दल थोडं. माणूस गुणी, पण आधीच्या गावात शेजाऱ्यांनी दोघांना माणूसघाणे ठरवलं होतं. ते त्याच्या मनाला लागलेलं. या वेळी आपण चारचौघांत मिसळायचं, असा त्याने चंगच बांधला होता. शेजाऱ्याने पायरी धुतली की हा पायरी धुणार. शेजारी खाकरला की हा खाकरणार. माणसांत मिसळायचं म्हणजे त्यांची नक्कल करायची, अशी त्याची साधी समजूत.

त्या शनिवारी त्याने चिमणीला हाक मारली. म्हणाला, चल, आपणही करू, गल्लीची रीत दिसतेय. काकांना बरं वाटेल.

चिमणी आधण तसंच सोडून दारात आली. नवरा पायरीवर उभा. काकांसारखाच चौकटीला पाठ लावून. बागेकडे बघून म्हणाला, "चला, घरात या."

तिला हसू आवरेना. तिने त्याच्या खांद्यावरून बागेकडे बघत लाडात येऊन म्हटलं, "ये रे बाळा. लवकर ये."

आणि गल्ली थांबली.

समोरच्या दारात काका उभे होते ते तसेच. पलीकडचं दार अर्धवट लागलं होतं, ते तिथेच राहिलं.  सगळ्यांच्या माना यांच्या पायरीकडे.

मग त्या माना हळूहळू वळल्या. बागेकडून... यांच्या दारापर्यंत. कुणीतरी चालत येतंय आणि आपण बघतोय, अशा.

काकू रस्ता ओलांडून आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"कुणाला बोलावलंत?"

नवरा म्हणाला, कुणाला नाही, सहज.

"नाव नाही घेतलंत?"

नाही म्हटल्यावर काकूंनी वळून बागेकडे बघितलं. चिमणीचं लक्षही तिकडे गेलं. टोकाचा झोपाळा आज कुरकुरत नव्हता.

काकू म्हणाल्या, "आमची आम्ही नाव घेऊन बोलावतो. ज्याला हाक मारणारं कुणीच नाही, ते एक राहिलं होतं बाहेर."

आणि त्या घरी गेल्या. कडी लावल्याचा आवाज आला.

चिमणी स्वयंपाकघरात आली. आधण उतू जाऊन गॅस विझला होता. तिने तो बंद केला, आणि तशीच थांबली.

दारामागे श्वास होता.

धावून आल्यावर मूल धापा टाकतं तसा. भराभर. तो कुठून येतोय हे तिच्या कानाला लगेच कळलं. खालून. कमरेच्या उंचीवरून.

तिने दार ओढलं. मागे कुणी नव्हतं.

ती रात्र दोघांनी दिवे न मालवता काढली. त्याबद्दल चिमणी एवढंच सांगते, की दोघांच्या मध्ये गादी दबलेली होती.

रविवारी सकाळी, लख्ख उन्हात, तिने डोकं ठिकाणावर आणलं. घाबरलेला माणूस नसलेलंही ऐकतो, हे ती रोज बघते. तिने ठरवलं, तपासायचं. कामावर करतो तसंच.

दोघं दिवाणखान्यात सोफ्यावर पाठीला पाठ लावून बसले. डोळे मिटलेले. काही ऐकू आलं की फक्त बोट वर करायचं. बोलायचं नाही. समोर कपाटावर मोबाईल ठेवला, चित्रण चालू करून. दोघांची बोटं वेगवेगळ्या वेळी वर गेली तर सगळे मनाचे खेळ.

ती सांगते, मला पावलं ऐकू आली. बोट वर केलं. मग भांड्याचा आवाज. मग अगदी जवळ, सोफ्यापाशी... दाबून धरलेलं हसू.

मग दोघांनी चित्रण बघितलं.

दोघांची बोटं एकाच वेळी वर जात होती. प्रत्येक वेळी. एकदाही चूक नाही.

नवरा मोबाईल बंद करायला लागला. चिमणी म्हणाली, थांब, शेवट बघू.

शेवटच्या वेळी तिचं बोट वर गेलं. त्याचं बोट वर गेलं.

आणि सोफ्याच्या हाताच्या मागून... हळूच... तिसरं बोट वर आलं.

छोटंसं. खेळात घेतलं नाही म्हणून स्वतःच सामील झाल्यासारखं.

दोघं अनवाणी बाहेर पळाले. काकू पायरीवरच उभ्या होत्या. वाट बघत असाव्यात. त्यांनी सांगितलं, घाबरू नका, त्रास देत नाहीत. सकाळी दार उघडून खेळायला जा म्हणायचं, की जातात. ज्याने बोलावलं त्यानेच म्हणायचं. संध्याकाळी परत येतात, तेव्हा दार उघडायचं. बस, एवढंच.

नवऱ्याने विचारलं, "आणि नाही उघडलं तर?"

काकूंनी मान हलवली. "आम्ही कधी तसं करून पाहिलं नाही."

गल्लीतली ही मुलं कधी आणि कशी गेली, याबद्दल काकू एक शब्द बोलल्या नाहीत. चिमणीचंही विचारायचं धाडस झालं नाही.

बोलावलं होतं दोघांनी. पण बाळा म्हटलं होतं चिमणीने. ती दारात गेली, चौकटीला पाठ लावून उभी राहिली.  "जा बाळा," ती म्हणाली. "जा, खेळायला जा."

काही झालं नाही.

मग तिच्या करंगळीला कुणीतरी धरलं.

ती म्हणते, हात गार असता तर मी किंचाळले असते. हात गरम होता. घामेजलेला. लहान मुलांचा असतो तसा.

तो थोडा वेळ तसाच राहिला. मग सुटला.

टोकाचा झोपाळा कुरकुरायला लागला.

दोघांनी दिवसभर सामान भरलं. हाताला येईल ते. रविवारी टेम्पो मिळेना, तेव्हा मोठं सामान तसंच टाकून गाडीत मावेल तेवढं कोंबलं. दिवस असताना निघायचं, असं दोघंही म्हणत होते. पण घाईत हात नेहमी उलटे चालतात. घराला कुलूप लावून गाडीत बसेपर्यंत दिवेलागण झाली.

दारं उघडायला लागली.

एक नाव. चल, घरात ये. दुसरं नाव. चल, घरात ये.

चिमणी काच वर करून बसली होती. तरी तिला सगळं ऐकू येत होतं. काकांचं दार लागलं. शेवटचं दारही लागलं. गल्ली रिकामी झाली.

झोपाळा थांबला.

पावलं बागेकडून आली. गाडीच्या शेजारून गेली. यांची पायरी चढली.

आणि कुलूप लावलेल्या दारावर थाप पडली.

उघड्या तळव्याची. खाली, अगदी खालच्या बाजूला.

एक थाप. मग थांबून दुसरी. अजिबात घाई नव्हती. घरात माणसं आहेत, उघडतीलच, अशा खात्रीची.

चिमणीचा हात गाडीच्या दाराच्या खिट्टीवर गेला होता. तिला ते कळलंही नाही. नवऱ्याने सगळी दारं आतून बंद केली आणि गाडी काढली. गल्लीच्या तोंडापर्यंत थापांचा आवाज येत राहिला.

आता दोघं भर बाजारात, चौथ्या मजल्यावर राहतात. खाली हॉर्न, शेजारी टीव्ही, वर कुणाची तरी शिलाई मशीन. शांतता औषधालाही नाही. मावशी म्हणते, एवढ्या गोंगाटात माणूस राहील कसा. दोघं खिडक्या उघड्याच ठेवतात.

गेल्या महिन्यात चिमणीला एक फोन आला. त्या घरात नवं जोडपं राहायला आलं होतं, त्यातली बाई बोलत होती. टाकलेलं सामान कुणाचं, हे एजंटकडून कळलं म्हणे. सामानाचं बोलून झालं. तरी बाई फोन ठेवेना.

मग म्हणाली, एक विचारायचं होतं. रोज संध्याकाळी एक लहान मूल येऊन दार वाजवतं. मी उघडते. घरात येत नाही.

"माझ्याकडे बघतं आणि म्हणतं, तुम्ही नाही. तुम्ही ओळखता का त्याला?"

चिमणी नाही म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

तेव्हापासून दिवस कलला की तिचं चित्त थाऱ्यावर नसतं. नवरा तिला संध्याकाळी एकटं सोडत नाही. काल त्याला साइटवरून यायला उशीर होणार होता, म्हणून तिची मोठी बहीण सोबतीला गेली. चिमणी बूट घालून बसली होती. हातात गाडीची किल्ली.

बहिणीने तिला जवळ घेतलं. म्हणाली, वेडी का तू, त्या घरात परत राहायला जायचंय तुला?

"राहायला नाही गं ताई," चिमणी म्हणाली. "नुसतं दार उघडून येते."