एका मनगटाच्या तीन नाड्या

नाडीचे चार खोटे आकडे लिहून कीर्तीला काय मिळालं असतं? फार तर दीड तास खिडकीपाशी बसायला. आणि जाण्यासारखं काय होतं? सोमवारची शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा, नर्सिंगच्या दोन वर्षांच्या अभ्यासाचं प्रमाणपत्र, आणि तुकडीत पहिल्या येणाऱ्या मुलाला किंवा मुलीला ती तुकडी जिथे काम शिकत होती त्या नर्सिंग होममध्ये मिळणारी एकुलती एक जागा. इतका आतबट्ट्याचा सौदा एकोणीस वर्षांची शहाणी मुलगी करणार नाही, असं धनलक्ष्मीबाईंचं मत पडलं. पण मत डॉक्टरांपुढे चालत नाही.

धनलक्ष्मीबाईंनी विमा कंपनीसाठी पंचवीस वर्षं रुग्णालयांचे कागद तपासले होते. आता कुंभकोणात त्या खासगी चौकश्या करत. काय गेलं हे सगळेच विचारतात. मिळालं कोणाला, हे त्या आधी विचारत. त्यांचे दीर कल्याणराम यांनी पितळी समयांचं दुकान मुलाच्या हवाली केलं होतं. ते वहिनींची स्कूटर चालवत आणि दर चौकशीत एकदा तरी चुकीच्या माणसाला पकडत.

शुक्रवारी दुपारी कीर्ती दोघांसमोर बसली होती. फिक्या निळ्या गणवेशात, मांडीवर वही.

"पहिल्यापासून सांग," बाई म्हणाल्या. "रडायचं असेल तर आधी रडून घे. मध्ये नको."

"रडून झालंय, मावशी," कीर्ती म्हणाली. "कालची गोष्ट. तिरुविसनल्लूरच्या शेषाद्रींचं सकाळी पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. त्यांची खाट माझ्याकडे होती. तीन वाजेपर्यंत दर अर्ध्या तासाने नाडी, रक्तदाब लिहायचा, मग तासाने. सव्वा वाजता रम्या सिस्टरनी मला खाली पाठवलं, ऑपरेशनच्या कापडाचे डबे वाफेच्या यंत्रात लावायला. मी म्हटलं, दीडची नोंद आहे. त्या म्हणाल्या, मी बघते, तू जा."

"आणि वर आलीस कधी?"

"साडेतीनला. चारला नाडी मोजली तर एकशे एकतीस. मी ओरडले, डॉक्टर धावत आले. पोटात रक्तस्राव होत होता. पुन्हा ऑपरेशन केलं, वाचले ते. पण तक्त्यावर दीड, दोन, अडीच, तीन, चारही नोंदी अगदी व्यवस्थित. आणि पुढे सही माझी. की. न."

"कीर्ती नरसिंह," कल्याणराम म्हणाले. "दोन अक्षरं. ती तर मीही काढीन."

"म्हणून तुम्हांला कोणी तक्ता देत नाही, भावोजी." बाईंनी हात पुढे केला. "बाळे, माझी नाडी बघ."

कीर्तीने मनगट धरलं, घड्याळावर नजर लावली. काटा पूर्ण एक फेरा फिरला. कल्याणरामांच्या कॉफीवर साय धरली.

"त्र्याहत्तर."

"बराच वेळ लावलास."

"आमच्या शिक्षिका सुब्बलक्ष्मी मॅडम म्हणतात, मिनिट म्हणजे साठ सेकंद. त्यात सूट नाही."

बाईंनी तिची वही चाळली. तीन महिन्यांच्या नोंदी: सत्याहत्तर, त्र्याऐंशी, ब्याऐंशी, एक्क्याण्णव, एकोणसत्तर. त्यांनी वही मिटली आणि पुन्हा पहिल्या पानापासून उघडली. कल्याणराम या गोष्टीला नेहमी घाबरत.

शनिवारी सकाळी दोघं नर्सिंग होमच्या पहिल्या मजल्यावर पोचली. डॉक्टर रविशंकर थकलेले होते, पण सरळ बोलले. "मुलगी हुशार आहे. म्हणूनच जास्त राग आला. रक्त दीडनंतरच सुटलं असणार. दोनला नाडी शंभराच्या वर गेली असती, मी दोनलाच पोट उघडलं असतं. हे बघा."

बाईंनी तक्ता मोठ्याने वाचला. "दीड, चौऱ्याऐंशी. दोन, ऐंशी. अडीच, अठ्ठ्याऐंशी. तीन, चौऱ्याऐंशी. मग चारला एकशे एकतीस."

"एका तासात इतकी उडी?" डॉक्टर म्हणाले. "ती मोजायला गेलीच नव्हती. कॉलेजला मी कळवलंय. सोमवारी तिला परीक्षेला बसवणार नाहीत."

"सोमवारच्या आत मी उत्तर दिलं तर?"

"तर मी स्वतः फोन करीन."

शेषाद्री डोळे मिटून पडले होते. मुलगा हरिकृष्ण ताडपत्राच्या पंख्याने वारा घालत होता. तो म्हणाला, "अम्मा, दीडपासून तीनपर्यंत मी इथून हललो नाही. अप्पांच्या हाताला कोणी हात लावला नाही. डॉक्टर म्हणतात, तुला डुलकी लागली असेल. बाप असा पडलेला असताना डुलकी लागते का हो?"

"तीननंतर?"

"तीनला कॉफी आणायला खाली गेलो. पैसे राहिले म्हणून जिन्यातून परत आलो, तर खाटेला अडकवलेला तक्ता नव्हता. कॉफी घेऊन आलो तेव्हा होता."

बाहेर आल्यावर कल्याणराम वहिनींच्या कानाशी लागले. घराबाहेर दोघांना गुपित बोलायचं असलं की ती तमिळ सोडून घरच्या मराठीत शिरत. "साईकुमार म्हणून दुसरा विद्यार्थी आहे. कीर्ती गेली की ती जागा त्याची. झालं की."

"ऐसं कैसं झालं? आधी त्याला भेटू तरी."

साईकुमार समोरच्या बायकांच्या वॉर्डात होता. उंच, नम्र, केस चापून बसवलेले. "नमस्कार, अम्मा. मी गुरुवारी याच वॉर्डात होतो. मी काही पाहिलं नाही."

"तू काय पाहिलंस हे मी अजून विचारलं नाही रे. जिना चढून छाती धडधडतेय, नाडी बघतोस?"

त्याने घड्याळाकडे पाहत मोजलं. काटा अर्धा फेरा फिरला आणि त्याने हात सोडला. "चौऱ्याहत्तर. ठीक आहे."

त्याच्या वॉर्डातले तक्ते बाईंनी जाताजाता पाहिले. अठ्ठ्याहत्तर, ब्याऐंशी, शहात्तर, शहाऐंशी, नव्वद.

कल्याणरामांनी भलतंच दार उघडलं. आत चादरींची खोली होती, बरोबर बायकांच्या वॉर्डासमोर. भिंतीवर एक पांढरी चादर चार टाचण्यांनी लावलेली, पुढे एक स्टूल, आणि स्टुलासमोर घडीच्या चादरींचा छातीइतका उंच ढीग.

"चादर वाळत घातलीय," कल्याणरामांनी निकाल दिला.

"वाळत घातलेल्या चादरीला सुरकुती असते. हिला एक नाही."

स्टाफ नर्स रम्या टेबलाशी उभी होती. तिशीची, चटपटीत, डोळ्यांखाली जागरण. टेबलावर एक वही उघडी होती. अक्षरं इंग्रजी, पण शब्द असे की कल्याणरामांची जीभ दुसऱ्याच शब्दाला अडकली. तिने वही मिटली.

"डबे देऊन तिला मी पाठवलं, ते खरं," ती म्हणाली. "पण यंत्र एकदा लावलं की अर्धा तास नुसतं चालतं. वर येऊन नोंदी कर, असं सांगितलं होतं. ती काय म्हणते?"

"ती म्हणते, तुम्ही बघते म्हणालात."

"शिकाऊ मुली असं म्हणतातच."

"हो, म्हणतात. मला जरा गरगरतंय, सिस्टर."

रम्याने मनगट धरलं. बाहेरच्या भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्यांचा तक्ता होता. कल्याणराम तिसऱ्या पायरीपर्यंत वाचतात, तोवर तिने हात सोडलाही होता. "बहात्तर. पाणी प्या."

तिच्या टेबलावर गेल्या आठवड्याचे तक्ते होते. बहात्तर, अठ्ठ्याऐंशी, शहात्तर, ब्याण्णव, ऐंशी. तिची सही सगळीकडे सुरेख होती.

खाली स्कूटरशी आल्यावर कल्याणराम म्हणाले, "वहिनी, त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर, बहात्तर. एका मनगटाच्या तीन नाड्या? की तिघांपैकी एकाला मोजता येत नाही?"

"तिघांनाही येतं. चला, परत वर."

"आत्ताच तर उतरलो."

"डॉक्टरांना सांगू, सगळ्यांना एकत्र बोलवा. कीर्तीला मी इथंच थांबायला सांगितलं होतं."

डॉक्टरांच्या खोलीत कीर्ती दाराशी उभी राहिली, साईकुमार खिडकीशी. रम्या हात बांधून. हरिकृष्णला बाईंनी मुद्दाम खुर्ची दिली.

"सहीचा विचार सोडा," बाई म्हणाल्या. "दोन अक्षरं भावोजीही काढतील. आकडा मात्र ज्याचा त्याचा असतो. कीर्ती नाडी मोजते ती पूर्ण मिनिट. तिच्या वहीत सम, विषम, सगळे आकडे येतात. माझी तिने त्र्याहत्तर सांगितली. शेषाद्रींची एकशे एकतीस, तीही मोजलेली. साईकुमार अर्धा मिनिट मोजतो आणि दुप्पट करतो. त्याच्या तक्त्यात विषम आकडा सापडायचाच नाही."

"म्हणजे हाच," कल्याणराम म्हणाले. "चौऱ्याऐंशी, ऐंशी, अठ्ठ्याऐंशी. सगळे सम आहेत."

साईकुमारचा चेहरा उतरला.

"बसा, भावोजी. त्याच्या वॉर्डात अठ्ठ्याहत्तर आहे, ब्याऐंशी आहे, शहाऐंशी आहे, नव्वद आहे. यांना चाराने भाग जात नाही. तक्त्यावरच्या चारही आकड्यांना जातो. चाराने भाग जाणारेच आकडे कोणाचे येतात? जे पंधरा सेकंद मोजून चौपट करतात त्यांचे. माझी नाडी तुम्ही बहात्तर सांगितलीत, सिस्टर. तुमच्या टेबलावरचे आठवडाभराचे आकडे मी वाचले. चाराबाहेर एकही गेलेला नाही."

रम्या हसली. "इथल्या निम्म्या नर्सा पंधरा सेकंदच मोजतात. आणि तुम्हीच म्हणता, या नोंदी मोजलेल्या नाहीत. मनाने लिहिणारा कुठलाही आकडा लिहील."

"तसं वाटतं खरं. पण दहा वर्षं ज्या हाताने दुसरे आकडे लिहिलेच नाहीत, त्याला मनानेही दुसरे सुचत नाहीत. तुम्हांला त्र्याऐंशी ही नाडी असते हेच आठवत नाही." बाई थांबल्या. "पण बरोबर आहे, एवढ्यावर मी कोणाला धरणार नाही. म्हणून मी विचारलं, मिळालं काय. चादरींच्या खोलीत ताणून लावलेली पांढरी चादर आहे, पुढे स्टूल, समोर छातीइतका ढीग. ढिगावर फोन टेकवला की बसलेल्या माणसाचा चेहरा बरोबर मधोमध येतो, मागे स्वच्छ भिंत. टेबलावर परक्या भाषेचे शब्द. मुलाखत होती ना, सिस्टर? फोनमधली गुरुवारची दीड ते तीनची नोंद डॉक्टरांना दाखवता?"

रम्याने खिशाला हात लावला आणि तो तिथंच राहिला.

"मी पाहिलं," खिडकीशी साईकुमार म्हणाला. कोणी त्याच्याकडे वळलं नव्हतं. "तीनला सिस्टर त्या खोलीतून बाहेर आल्या. शेषाद्रींचा तक्ता घेऊन परत आत गेल्या. माझ्या वॉर्डातून समोर दिसतं."

"ते मला पहिल्या वाक्यालाच कळलं होतं," बाई म्हणाल्या. "न विचारता 'पाहिलं नाही' म्हणणारा काहीतरी पाहून बसलेला असतो. तू खोटं लिहिलं नाहीस. नुसता गप्प बसलास, कारण गप्प बसण्यात एक जागा मिळत होती."

रम्या डॉक्टरांच्या टेबलाजवळच्या स्टुलावर बसली. आवाज मात्र सरळ होता. "जर्मनीतलं रुग्णालय. तीन वर्षं भाषा शिकतेय. मुलाखत संध्याकाळी होती, त्यांनी अचानक दीडला ठेवली. पंधरा मिनिटं म्हणाले, दीड तास घेतला. बाहेर आले तर चार ओळी रिकाम्या. खाट कीर्तीची, म्हणून सही तिची केली. नोंद चुकली असं इथून कळलं असतं, तर त्यांनी घेतलं नसतं. शेषाद्री शांत झोपलेले दिसले मला."

"ते झोपले नव्हते," हरिकृष्ण म्हणाला. "शुद्ध जात होती."

"मनगट धरलं असतंत तर तीनला तरी कळलं असतं," डॉक्टर हळूच म्हणाले.

"पंधरा सेकंदांतही कळलं असतं," कीर्ती म्हणाली. त्या खोलीत ती एवढंच बोलली.

डॉक्टरांनी फोन उचलला.

सोमवारी कीर्ती परीक्षेला बसली. परीक्षकांनी नेमकं शेषाद्रींचंच मनगट तिच्या हातात दिलं. पूर्ण मिनिट मोजून तिने सांगितलं, "चौऱ्याऐंशी." दाराशी कल्याणरामांनी कपाळाला हात लावला.

"वहिनी, चाराने भाग जातो की."

"जाऊ दे. ही मोजलेली आहे."

मग कोणी काय किंमत मोजली? रम्याची जर्मनी गेली आणि इथली नोकरीही. साईकुमारला परीक्षेला बसू दिलं, पण ती जागा कीर्तीला मिळाली, आणि त्याच्यासोबत पाळी लागली की मुली तक्ता स्वतःजवळ ठेवू लागल्या. कीर्तीचे तीन दिवस गेले. डॉक्टरांनी नियम केला, खाट सोडताना नोंदी कोणाकडे दिल्या ते लिहून दोघांनी सही करायची. आपण तो आधी का केला नाही, हे ते कोणाशी बोलले नाहीत.

ज्या माणसाला यात काहीच मिळायचं नव्हतं त्याचे टाके दहाव्या दिवशी काढले. सुब्बलक्ष्मी मॅडम शेजारी उभ्या होत्या, चिमटा कीर्तीच्या हातात होता. पहिल्या ऑपरेशनचे चार, दुसऱ्याचे अकरा. दुसऱ्या ऑपरेशनचे तिने मोठ्याने मोजले. शेषाद्रींनी प्रत्येक आकड्याला डोळे मिटले.