उभं राहायचं नाही

सकाळच्या इंदापूर गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. संस्कृतीनं कसेबसे दोन ठेवले होते आणि वरच्या दांडीला धरून ती टाचा उचलत होती, टेकवत होती... पुन्हा उचलत होती. शेजारी एक तरुण उभा होता, खांद्याला कॅमेऱ्याची जड बॅग. तिच्या लक्षात आलं, तोही तेच करतोय. तिची टाच वर, की त्याची वर.

"नक्कल करताय का माझी?" तिच्या तोंडून शाळेतला आवाज निघाला.

"न्हाय ओ मॅडम." तो गडबडला. "मी तर स्टँडपासनं करतोय. मला वाटलं, तुमीच माझी..."

तिनं त्याच्या पायांकडे पाहिलं. मग त्यानंच हळू आवाजात विचारलं, "डावा का उजवा?"

"डावा."

"माझा उजवा. म्हंजे दोघांचे मिळून दोन पाय धड हायेत. एक माणूस पुरा व्हतोय."

हसायचं नाही असं ठरवूनही ती हसली.

संस्कृती बारामतीजवळ जळोचीला राहायची आणि निमगाव केतकीच्या शाळेत शिकवायची. फळ्यासमोर उभं राहून राहून डाव्या पायाच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या होत्या. दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सुट्टी देताना सांगितलं होतं की खराब झालेली शीर बंद केली, पण ज्या सवयीनं ती खराब झाली ती सवय तशीच राहिली तर दुसऱ्या शिरा फुगतील. दाबाचे मोजे घालायचे. रोज चालायचं. रात्री पाय उशीवर ठेवायचे. आणि एका जागी उभं राहायचं नाही. उभं राहावंच लागलं, तर टाचा हलवत राहायच्या.

तो सौरभ. निमगाव केतकीचाच, लग्नांचे फोटो काढणारा. बारामतीला अल्बम छापायला यायचा.

"उन्हाळ्यात हे मोजे कसे सोसतात?" तिनं विचारलं.

"सोसत न्हाईत." आता तो हसत नव्हता. "पहिल्या ऑपरेशननंतर मी काढूनच टाकले. म्हणलं, आजच्या दिवसानं काय होतंय? अख्खी लग्नसराई रोज तेच म्हणत गेलो. पुढल्या साली घोट्याला जखम झाली. कितीतरी महिने पट्ट्या बांधल्या, आणि परत टेबलावर झोपलो."

निमगाव येईपर्यंत तो धंद्याच्या गमती सांगत राहिला. "लग्नात कुणी कुणाचं ऐकत न्हाय. पण फोटोग्राफरचं सगळी ऐकत्यात. नवरदेवाचा बाप, भटजी, सगळी. 'मागं सरका' म्हणलं की सरकत्यात."

"आमदारसुद्धा?"

"ते उलट पुढं सरकत्यात."

पुढच्या महिन्यांत तो बारामतीला जरा जास्तच येऊ लागला. संध्याकाळी कालव्याच्या कडेनं दोघं चालत. नियम एकच होता... थांबायचं नाही. पाण्याच्या वासात, उसाच्या सळसळीत ती चाल अशी काही जमली होती की कुठलं पाऊल कुणाचं, ते कळू नये. एकमेकांकडे नीट बघायचं म्हणजे थांबावं लागणार, म्हणून ती त्याला बहुतेक एका बाजूनंच ओळखत होती. डावा कान, डावी भुवई, गालावरची खळी.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी तिनं सांगितलं, "आबांनी सुप्याचं एक स्थळ बघितलंय. छकुलीच्या लग्नात मुलाची आई येणार आहे. मला बघायला."

आबा म्हणजे तिचे वडील, छकुली चुलतबहीण. इंदापुरातल्या त्या लग्नाचे फोटो सौरभच काढणार होता.

त्याची चाल चुकली. मग म्हणाला, "मोजे काढू नका त्या दिवशी."

"एवढंच?"

"...एवढंच."

ती त्याला मागं टाकून पुढं निघाली. घरी आल्यावर दाराशीच कितीतरी वेळ उभी राहिली. टाचा न हलवता.

लग्नाच्या सकाळी आई, जयवंता, तिला साडी नेसवत होती. रोज उठल्यावर तो घट्ट मोजा पायात चढवायला आईच मदत करायची. आज तिनं तो हातात घेतला आणि पिशवीत टाकला.

"करवली हायस तू. समद्यांची नजर तुझ्या पायावर. ही भुरी मोजं बघून सुप्याची बाई काय म्हणंल? आजच्या दिवसानं काय होतंय?"

हे वाक्य संस्कृतीनं आधी ऐकलं होतं. कुणाच्या तोंडून, तेही तिला आठवलं. आणि त्याच माणसाचा राग मनात होता, म्हणून तिनं मोजे घातले नाहीत.

मांडवात ऊन तापलं होतं. छकुली नवरदेवाशेजारी सोफ्यावर बसली. मागं करवली उभी, हातात नारळ ठेवलेला कऱ्हा. अक्षता पडेपर्यंत तो खाली ठेवायचा नाही आणि जागाही सोडायची नाही, ही रीत. मुहूर्त आला. निवेदकानं माइकवर सांगितलं की मान्यवर वाटेत आहेत, दोनच मिनिटं. तोवर सत्कार सुरू झाले. कारखान्याचे संचालक, पतसंस्थेचे अध्यक्ष, सोसायटीचे आजी-माजी. शाल, नारळ, फेटा. मग आशीर्वादपर भाषणं.

भाषणं संपेनात. तिचा पाय शिशासारखा जड झाला. पोटरीत कळ दाटून आली. टाचा उचलाव्यात तर कऱ्ह्यातलं पाणी डचमळत होतं आणि पहिल्या रांगेतली पांढऱ्या केसांची एक बाई तिच्याकडेच बघत होती. सुप्याच्या द्वारकाबाई. संस्कृतीनं ओठ घट्ट मिटले.

समोर कॅमेऱ्यामागं सौरभ होता. त्यानं कॅमेरा डोळ्यांवरून खाली घेतला, तिच्या पावलांकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे. तिनं नजर वळवली.

"करवली!" त्याचा आवाज मांडवभर गेला. "जरा हिकडं चालत या. कऱ्हा घिऊन. स्टेजच्या ह्या टोकापतुर."

भाषण करणारे संचालक थबकले. संस्कृती गोंधळून चार पावलं चालली.

"आता माघारी जा. ...न्हाय, लाईट बरोबर न्हाय आला. परत या."

दुसऱ्या फेरीत तिला कळलं. पोटरीतली कळ पावलागणिक सैल होत होती. तिनं त्याच्याकडे बघितलं. तो कॅमेऱ्याच्या आड होता, पण बटण दाबतच नव्हता.

"ओ फोटोवाले," सोफ्यावरून छकुली म्हणाली, "लग्न माझं हाय!"

"तुमचे फोटो न चालता बी चांगले येत्यात, ताई. करवली, अजून एकदा. हां... आता त्या पायरीवर बसा. पाय लांब करा. पुढं, त्या पाटावर ठेवा."

"असं कुठं असतंय?" भटजी म्हणाले.

"नवीन निघालंय, काका. तुमी जरा मागं सरका."

भटजी मागं सरकले. मांडवात हशा पिकला, आणि करवली हातात कऱ्हा धरून अक्षता पडेपर्यंत पाय लांब करून बसून राहिली.

पंगती सुरू झाल्या तेव्हा ती मांडवामागच्या खोलीत होती, डावा पाय उशांच्या ढिगावर. घोट्याभोवती सूज होती. आईनं पिशवीतून मोजा काढला होता, पण सुजेवर तो चढत नव्हता.

"परत व्हईल का गं तसंच?" आईनं विचारलं. "माझ्यामुळं?"

"एका दिवसानं न्हाय होत, काकी." दारात सौरभ होता. "दुसऱ्या दिवशी बी 'आजचाच दिवस' म्हणलं, की होतं. येऊ का आत?"

त्यानं सूज जरा ओसरू दिली. मग कॅमेऱ्याच्या बॅगेतून, स्वतःचे मोजे चढवताना वापरायचे ते रबरी हातमोजे काढून हातात चढवले, मोजा टाचेपर्यंत उलटा करून घेतला आणि गुडघ्यावर बसला. तिचं पाऊल हातात घेताना तो क्षणभर थांबला. तिनं त्याच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच अगदी समोरून. खळी दोन्ही गालांवर होती.

तेवढ्यात द्वारकाबाई आत आल्या.

"काय झालं पोरीला?"

"लचकलाय जरा..." जयवंता घाईनं म्हणाली.

"लचकला नाही, मावशी," संस्कृती म्हणाली. "पायाच्या शिरांचं ऑपरेशन झालंय. परत होऊ नये म्हणून हे मोजे घालायचे असतात. आज घातले नाहीत, ती माझी चूक."

द्वारकाबाई खुर्चीवर बसल्या. लुगड्याचा काठ त्यांनी वर घेतला. घोट्याभोवतीची कातडी काळी पडली होती, आणि वर पोटरीभर निळे पीळ.

"आमी वय झालं म्हणून गप बसलो. ह्याला इलाज हाय व्हय?"

"आहे. आणि नंतरचं सांभाळणं पण आहे."

म्हातारीनं वाकून तो मोजा चाचपून बघितला. "मंग आमची काय हरकत न्हाय. खोटं न बोलनारी पोरगी हाय. मोजं घालून येऊ दे आमच्या घरात."

जयवंताचा चेहरा फुलला. सौरभचे हात टाचेपाशी थांबले. तो उठू लागला.

"उठू नका," संस्कृती म्हणाली. मग द्वारकाबाईंकडे वळून... "तुमची हरकत नाही, हे ऐकून बरं वाटलं, मावशी. पण... माझी आहे."

द्वारकाबाईंनी गुडघ्यावर बसलेल्या सौरभकडे बघितलं, त्याच्या रबरी हातमोज्यांकडे बघितलं.

"टाच नीट बसली का बघ रं, फोटोवाल्या," त्या म्हणाल्या आणि जयवंताचा हात धरून उठल्या. "चला, पंगत बसलीया. मला तुमच्या डॉक्टरचं नाव सांगा."

जयवंता दारात एकदा मागं वळली. मग दार तेवढं उघडं ठेवून गेली.

"इतके दिवस बोलला का नाहीत?" संस्कृतीनं विचारलं.

"काय बोलणार... दोनदा कापलेला पाय. तिसऱ्यांदा व्हणार न्हाय, असं कुठला डॉक्टर लिहून देतोय?"

"माझा डॉक्टर तरी कुठं देतोय?"

त्यानं मोजा पोटरीवरून वर घेतला. एकही सुरकुती राहू दिली नाही.

"तुमचे कोण चढवतं?" ती हळूच म्हणाली.

"मीच. आई गेल्यापासनं घरात मी आन् वडील. वाकून वाकून घाम फुटतोय सकाळी-सकाळी." तो खाली बघत होता. "तुमचे... मी चढवीन. रोज. तुमी म्हणाला तर."

"आणि तुमचे मी." तिनं लगेच सांगितलं. "एक अट आहे. आपल्या लग्नात सत्कार नाहीत."

"आन् आबा?"

"आबांशी मी बोलेन. आजच."

बाहेर कुणीतरी ओरडलं, "फोटोवाले कुठं गेले?"

तो बॅग उचलून गेला. दारातून तिला स्टेज दिसत होतं. नवरानवरी उभी होती, आहेर देणाऱ्यांची रांग मांडवाबाहेर गेली होती. सौरभनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि त्याच्या टाचा उचलल्या गेल्या, टेकल्या... पुन्हा उचलल्या.

उशांवर संस्कृतीचं पाऊलही तसंच हलू लागलं.