चाळीस की ऐंशी?

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा बघू. तुम्ही मैदानात उभे आहात. समोर लोखंडी टोकाचं, कमरेइतकं उंच रॉकेट. आता मान वर करा. साठ मीटरवर रोपवेचा जाड दोर, त्यावरून संथ सरकत येणारी पिवळी ट्रॉली आणि तिच्यात तुमचा धाकटा भाऊ. वाटली ना भीती?

टिकलीला मात्र अजून वाटली नव्हती. ती, तिचा धाकटा भाऊ छोटू आणि मावसभाऊ ढोल्या सुट्टीत मामाकडे आले होते. मामाच्या हौशी रॉकेट-मंडळाची रॉकेटं म्हणजे गंमतच!

"मामा, परवाचं वीस मीटर गेलं ना? आजचं?"

"आजचं इंजिन जबरदस्त! वजन तेच, पण सुटतानाचा वेग दुप्पट. म्हणजे उंचीही दुप्पट, चाळीस! ट्रॉली साठावर. काही लागत नाही, राणी!"

टिकलीने मान डोलावली आणि ती मधेच थांबली. चढताना रॉकेटचा वेग कमी होतो. मग ती गतीची ऊर्जा जाते कुठे? नाहीशी तर होत नाही. ती उंचीची ऊर्जा होते! आणि वेग दुप्पट केला की गतीची ऊर्जा होते दोन गुणिले दोन, चौपट! मग उंचीही चौपट. विसाची चौपट... ऐंशी!

तिने झटकन वर, ट्रॉलीकडे पाहिलं.

"मामा, थांब! ऐंशी मीटर जाईल ते!"

"छट्! हवा अडवते की थोडं."

"दहा मीटर अडवलं तरी सत्तर! ट्रॉलीत छोटू आहे रे!"

"नाट लावू नकोस गं! हो बाजूला."

ट्रॉली जवळजवळ डोक्यावर आली होती. खिडकीतून छोटूचा इवलासा हात हलत होता. मामाने गळ्यातली किल्ली काढली. ती उडवायच्या बटणाच्या खोक्यात लावल्याशिवाय रॉकेटला वीज मिळत नसे.

 टिकली गोड हसली. "बरं बाबा, तुझंच खरं. पण किल्ली मी लावू?"

"अस्सं! लाव, लाव."

किल्ली हातात पडली मात्र, टिकली किंचाळली, "ढोल्या, पकड!"

ढोल्याने किल्ली झेलली आणि धूम ठोकली.

"अरे चोरा! थांब!" मामा मागे धावला.

"आधी ट्रॉली जाऊ दे! मग हवा तर कान उपट!" ढोल्या पळता पळता ओरडला.

ट्रॉली पलीकडे पोचली, तेव्हा कुठे ढोल्या थांबला. मामा धुसफुसतच रॉकेट घेऊन दूरच्या माळावर गेला. "चाळीसच जाणार, बघच!"

सूंऽऽऽ! रॉकेट वर गेलं, छत्री उघडून खाली आलं. टोकातल्या उंचीमापकावर आकडा होता बहात्तर.

मामा मटकन खाली बसला. 

"पोरी," तो कसाबसा म्हणाला, "शाबास गं! आज माझ्या हातून भलतंच झालं असतं. पुढे रॉकेट उडवण्याआधी तुला विचारीन."

"आणि मला?" ढोल्याने छाती फुगवली.

"तुझा कान उपटायचा राहिलाय!"

सगळे हसले.  तेवढ्यात रोपवेतून उतरलेला छोटू धावत आला. "ताई, वरून रॉकेट दिसलंच नाही!"

टिकलीने त्याला इतकं घट्ट धरलं, की तो ओरडला. मग तिने नाक पुसलं, एक काडी उचलली आणि मातीत फतकल मारली.

"बस इथे, छोट्या. समज, वेग तिप्पट केला. तर उंची किती पट?"