कारभाऱ्याची दुसरी गोळी

"म्हणजे तू त्याला मारायलाच निघाली होतीस!"

नणंदेचे हे शब्द कानांवर पडले आणि सुनेच्या हातातला ओला टॉवेल हातातच राहिला. समोर चादरीवर चौदा वर्षांचा कारभारी आडवा पडला होता. त्याचं पोट भात्यासारखं वरखाली होत होतं. जनावरांच्या डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं की हृदयाची गोळी त्याच्या पोटात दुपटीहून जास्त गेली आहे, आज आणलं नसतंत तर संध्याकाळ दिसली नसती, आणि आता दोन दिवस गोळीच नको! आणि गोळी देणार कोण? सूनच. ते काम घरात दुसऱ्या कुणाचं नव्हतंच.

कारभारी हे खरं तर त्या कुत्र्याचं नाव नव्हे, हुद्दा! पिल्लू असल्यापासून दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याची झडती घ्यायचा, म्हणून सासूबाईंनी तो त्याला बहाल केला होता. जाताना त्यांनी सुनेचा हात त्याच्या डोक्यावर ठेवला होता, "याला अंतर देऊ नकोस गं," एवढंच म्हणाल्या होत्या. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. कारभाऱ्याचे मागचे पाय गेले, तेव्हापासून सून रोज पोटाखालून टॉवेल घालून त्याला अलगद उचलून अंगणात नेत होती. कंबर धरायची, पण तिने कधी हूं की चूं केलं नाही.

"ताई, मी सकाळी एकच देते हो... आईंची शपथ!"

"आणि 'सुटेल बिचारा एकदाचा' असं कोण म्हणालं होतं गेल्या महिन्यात?"

सूनच म्हणाली होती. पहाटे तिसरी चादर धुताना, त्याचं कण्हणं ऐकवेना म्हणून, डोळे पुसत म्हणाली होती! तिने आशेने नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत उभा राहिला. बारा वर्षांच्या संसारात त्या माणसाचं गप्प राहणं तिला एवढं कधी लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघरात भांडी आवरत होती. दार अर्धवट उघडं होतं. सासरे जेवायला घरी आले होते, आता पुन्हा दुकानात निघायचे होते. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणारा माणूस! तिळाएवढा स्क्रू चिमट्यात धरला तरी हात हलायचा नाही. ते कारभाऱ्यापाशी बसले, खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं, पावाच्या तुकड्यात एक गोळी दडवली आणि त्याच्या तोंडात सारली.

"घे रे राजा, सकाळची राहिली तुझी. या घरात कुणाला आठवणच नसते!"

सुनेने हातातलं भांडं खाली ठेवलं, आज तर गोळीच द्यायची नव्हती! पण खरा घाला पुढेच होता... सासरे उठले, बेसिनवर हात धुऊन आले, पुन्हा खाली बसले, पुन्हा पाकीट काढलं.

"घे रे राजा, सकाळची राहिली तुझी. या घरात कुणाला..."

तेच शब्द! तोच सूर! ती धावली, तो तुकडा त्यांच्या हातातून कसाबसा काढून घेतला.

"बाबा, मी देते! तुम्ही... तुम्ही निघा दुकानात. आणि ते पाकीटही द्या माझ्याकडे."

"बरं झालं आलीस. अगं, तू विसरलीस बघ," ते प्रेमाने म्हणाले आणि चपला घालून निघून गेले.

तोंड उघडलं तर ती सुटणार होती, पण बाबा? गेल्याच महिन्यात एकाचं घड्याळ दुसऱ्याच्या हाती गेलं, तेव्हा नवरा म्हणाला होता, आणखी एक चूक झाली की दुकानाला कुलूप! ते दुकान गेलं तर बाबा जगतील कशाच्या आधारावर? डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, लक्ष ठेवा, आणखी एक गोळी गेली असती तर संपलं होतं.

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "खरं काय ते सांग मला."

"चूक माझीच. हातून दोनदा गेली असेल..."

हे कळताच नणंद कारभाऱ्याला आपल्या घरी घेऊन गेली, तेव्हा सुनेने तिला एका शब्दाने अडवलं नाही. तिथे गोळ्या बाबांच्या हाती लागणार नाहीत, तिथे तो वाचेल, हे फक्त तिलाच ठाऊक होतं! टॉवेल पोटाखाली कुठे धरायचा, एवढं तिने दाखवलं. नणंदेने ते मान फिरवून ऐकलं.

चौथ्या दिवशी नणंद दारात उभी राहिली. कडेवर कारभारी, मागे सासरे. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाबा याला भेटायला आले होते," ती कशीबशी म्हणाली. "खिशात नवं पाकीट. गोळी दिली, पाणी प्यायले, आणि पुन्हा... मी मनगट धरलं त्यांचं!" मग ती सुनेकडे वळली. "तुला माहीत होतं... होय ना? आणि मी तुला काय काय बोलले गं!"

"ताई, नका ना..."

सासरे हळूच पुढे आले. "मला आठवत नाही. पण मीच दिली असणार. ही विसरणारी नाही."

नवरा तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "एका शब्दाने का नाही सांगितलंस? मी... मी तुझ्या बाजूने तोंडही उघडलं नाही!" तिच्या मनात चार दिवस साठलेलं सारं तिच्या डोळ्यांतून वाहू लागलं.

सासऱ्यांनी खिशातून दुकानाची किल्ली काढली आणि मुलाला सोडून सुनेच्या हातावर ठेवली. "ही आता तुझ्याकडे असू दे. लोकांची घड्याळं आहेत, माझ्या भरवशावर नकोत."

सासरे खुर्चीत टेकले. नणंदेने कारभाऱ्याला चादरीवर ठेवलं आणि त्याच्याशेजारी तशीच बसून राहिली. जरा वेळाने सासरे उठले. एक खिसा चाचपला, दुसरा चाचपला, चेहऱ्यावर लहान मुलासारखी भीती पसरली.

"अगं... दुकानाची किल्ली कुठे गेली माझी?"

नणंदेने तोंडावर हात दाबला. नवरा काही सांगायला पुढे झाला, पण सुनेने त्याला नजरेनेच थांबवलं. ती सासऱ्यांपाशी गेली, त्यांचा हात हातात घेतला आणि किल्ली त्यांच्या तळव्यावर ठेवून त्यांची बोटं मिटवली.

"ही बघा, इथेच होती. उद्यापासून मीपण येते तुमच्याबरोबर दुकानात. मला काम शिकवाल ना, बाबा?"